सर्पदंशाचे प्रश्न आपणच विचारायला हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी ग्रामीण रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका. गळीत हंगाम सुरू झाला की आमच्याकडे उसाच्या फडातून सर्पदंशाचे रुग्ण यायचे. काचेच्या कोरड्या नळीत रक्त घ्यायचे, २० मिनिटे नळीला हात लावायचा नाही, मग ती तिरपी करायची. रक्त गोठले नसेल आणि पाण्यासारखे ओघळले, तर विष भिनले असे समजून सापाच्या विषावरची लस (अँटीव्हेनम) सुरू. ती २० मिनिटे दाराशी उभ्या असलेल्या टोळीतल्या माणसांच्या तोंडाकडे बघवत नसे.

निवृत्तीनंतर भाचीने मला ‘कॉक्रेन’ची ओळख करून दिली. ब्रिटनमध्ये १९९३ साली सुरू झालेली ही संस्था एखाद्या उपचारावर जगभर झालेले प्रयोग शोधून, पारखून त्यांचा एकत्रित आढावा मांडते. २०१५ मध्ये श्रीलंका, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी मिळून सापाच्या विषाने रक्त गोठेनासे होते तेव्हा लस किती उपयोगी पडते, हे तपासले. निकषात बसणारा एकही प्रयोग त्यांना मिळाला नाही. याचा अर्थ लस घेऊ नये असा मुळीच नाही. लस हाच उपचार आहे, आणि ती न देता प्रयोग कोण करील? पण किती कुप्या द्यायच्या, पुन्हा कधी द्यायच्या, हे प्रश्न उरतातच. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली असा अंदाज आहे. मग हे प्रश्न आपण नाही विचारायचे तर कुणी?

आपल्याकडून हे होत नाही असे कुणी म्हणू नये. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचा विंचूदंशावरचा प्रयोग २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने छापला.

आणि डॉक्टरच असायला हवे असेही नाही. रात्री जेवणे उरकली की मी ‘कॉक्रेन’ची स्वयंसेवक म्हणून फोनवर संशोधनांचे गोषवारे वाचते आणि एवढेच ठरवते, की यात रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले आहेत का. माझ्या एकटीच्या मतावर काही ठरत नाही. कुठल्या कुठल्या देशांतल्या अनोळखी माणसांची मते जुळली तरच नोंद पुढे सरकते. पदवी कुणी विचारत नाही.

आमच्या कोल्हापुरातल्या सीपीआर रुग्णालयाच्या आवारातले वैद्यकीय विद्यार्थी, नर्सिंगच्या मुली, शिवाजी विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातली मुले यांनी यात उतरावे, आणि शिक्षकांनी त्यासाठी तासिका द्याव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आढाव्यात काय मोजावे, हे रुग्णांनाही सांगता येते. फडातल्या बाईला विचारा. ती रक्ताच्या नळीबद्दल बोलणार नाही. पाय राहील का आणि कोयता पुन्हा कधी धरता येईल, हे विचारील. तेही मोजले जावे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
राजारामपुरी, कोल्हापूर