‘ऑरेंज’चे मूळ सोन्यात नाही

रविवारच्या पुरवणीतील फळांच्या नावांवरील लेखात ‘ऑरेंज’ हा शब्द सोन्याच्या लॅटिन नावावरून आल्याचे म्हटले आहे. ते पटत नाही. सोन्यासाठीच्या फ्रेंच ‘ऑर’चा शब्दाच्या रूपावर परिणाम झाला असेल, पण मूळ शब्द आपल्याकडचा आहे. द्राविड भाषांतून संस्कृतात ‘नारङ्ग’, पुढे फारसीत ‘नारंग’, अरबीत ‘नारंज’ आणि अरबांबरोबर स्पेनमध्ये ‘नारांहा’ असा त्याचा प्रवास झाला. हंगेरियनमध्ये आजही ‘नारांच’ म्हणतात. इटालियन व फ्रेंचमध्ये आरंभीचा ‘न’ गळाला, कारण ‘एक’ या अर्थाच्या उपपदातील ‘न’मध्ये तो मिसळून गेला. सोन्यापासून निघालेला शब्द स्पेनमध्ये ‘न’ने कशाला सुरू झाला असता? फ्रान्समधील ऑरेंज शहराचे रोमन नाव तर ‘अराउसिओ’. त्याचे मूळ वेगळेच. रंगासाठी हा शब्द इंग्रजीत १६व्या शतकात रुळला, फळाचे नाव त्याआधीचे. मराठी लेखात आपल्या ‘नारिंगा’चा साधा उल्लेखही नसावा, याचे वाईट वाटले. कृपया दुरुस्ती प्रसिद्ध करावी.

— एक वाचक, पुणे