डब्याच्या पिशवीतलं पुस्तक

प्रिय ताई,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. दादरच्या ग्रंथालयात खिडकीजवळच्या टेबलाशी बसता, एवढंच ठाऊक आहे.

माझे बाबा लालबागचे. अकरा वर्षं कापड गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागावर होते. १९८२ च्या संपात काम गेलं ते गेलंच. संपानंतरच्या गिरणी कामगाराच्या घरावरचं 'अधांतर' नाटक बघून आले होते तेव्हा दोन दिवस घरात कुणाशी धड बोलले नव्हते, पण लेखकाचं नाव काही त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. आता डोळ्यांनी साथ सोडली. शेजाऱ्यांकडून कळलं, ते लिहिणारे जयंत पवार गिरणगावातच वाढलेले, वर्तमानपत्रात नोकरी करत कथाही लिहायचे, २०२१ मध्ये गेले. तेव्हापासून एकच धोशा : "त्यांच्या गोष्टी आण, मला वाचून दाखव."

त्यांचा कथासंग्रह 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर'. २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं पुस्तक, आणि ते मला मुंबईत मिळेना! एका दुकानदाराने विचारलं, "कथा कोण वाचतं आता? स्पर्धा परीक्षेचं देऊ का?" एका वाचनालयात मोबाइलवरून मान वर न करताच उत्तर आलं, "सभासद नाही ना? मग नाही." नियम असतील, मान्य. पण माणसाकडे बघायला कुठला नियम आडवा येतो?

तुम्ही आधी मला बसायला सांगितलंत. बाबांची चौकशी केलीत. पुस्तक स्वतःच्या नावावर काढलंत. बाहेर पाऊस कोसळत होता आणि माझ्याकडे फक्त खांद्याची कापडी झोळी. तुम्ही काही न बोलता तुमच्या प्लास्टिकच्या पिशवीतून डबा बाहेर काढलात, आतून पिशवी रुमालाने पुसलीत, पुस्तक ठेवून तिला दोन गाठी मारल्यात. संध्याकाळी भरल्या लोकलमध्ये तो डबा हातात धरून तुम्ही घरी कशा गेलात, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

पुस्तकाचं नाव ऐकताच बाबा उठून बसले. "फिनिक्स? लोअर परळची?" तिथे मॉल होऊन किती वर्षं झाली, बाबा अजून गिरणीच म्हणतात. रोज रात्री जेवणं झाली की वाचते. मध्येच हात वर करतात, "परत वाच". मग तेच वाक्य पुन्हा. कधी स्वतःच बोलायला लागतात. खात्यातल्या जोडीदारांची नावं, पाळ्या, भोंगा. हे सगळं मी जन्मात पहिल्यांदा ऐकतेय, ताई.

पुस्तक मुदतीत आणून देईनच. पिशवी धुऊन, वाळवून, घडी करून ठेवली आहे. बाबांनी बजावलंय, रिकामी द्यायची नाही. तुम्हाला बेसनाचे लाडू चालतात ना?

तुमची,
लालबागच्या गिरणी कामगाराची मुलगी