न मोजता लिहिलेले आकडे

हर्णै

चि. बाय हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र काल मिळाले. रत्नागिरीत तुला खोली मिळेपर्यंत ज्या मैत्रिणीने दोन महिने आपल्या घरी ठेवून घेतले, तीच आता कारखान्यात मासळी उतरताना क्रेटमध्ये थर्मामीटर न खुपसता वहीत ३ अंश, साडेतीन अंश असे आकडे भरते, हे वाचून मी रात्री बराच वेळ जागा होतो. साहेबांना सांगावे की गप्प बसावे, असे तू विचारले आहेस.

एका आकड्याने काय बिघडते, असे ती म्हणते. बांगडा, सुरमई, कुपा अशी मासळी ४ अंशांच्या वर बराच वेळ राहिली की तिच्यात हिस्टामीन नावाचे विषारी द्रव्य तयार होते, आणि एकदा तयार झाले की ते गोठवून जात नाही, कालवण कितीही उकळले तरी जात नाही. मासळी दिसायला चांगली असते. खाणाऱ्याचे मात्र तोंड लाल होते, अंगावर चट्टे उठतात, डोके ठणकते. क्रेटमधला बर्फ केव्हा संपला होता, हे त्या वहीवाचून कुणाच्या डोळ्यांना कळणार नाही.

मी मच्छीमार सोसायटीच्या डिझेल पंपावर असताना पावसाळी बंदीत किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेल्या नौकेच्या नावावर डिझेल चढवलेले मी पाहिले होते. लिहिणारा माझा जिवलग मित्र होता, त्याच्या मुलीचे लग्न तोंडावर आले होते, म्हणून मी बोललो नाही. पुढे तपासणी झाली, तेव्हा त्या पानावर ज्याची सही होती तो नवा पोरगा घरी बसला. तो बाजारात समोरून आला की मी वाट बदलत असे. मित्राशीही नंतर मोकळेपणाने बोलता आले नाही. ज्या मैत्रीसाठी गप्प बसलो, तीही राहिली नाही.

म्हणून साहेबांच्या आधी तू तिच्याकडे जा. ती असे का करते, ते विचार. एकटीवर दोघींचे काम पडत असेल, तर दोघी मिळून साहेबांकडे जाऊन आणखी एक माणूस मागा, आणि कोणत्या नोंदी न मोजता लिहिल्या हे तिने स्वतःच्या तोंडाने सांगावे. शीतगृहात असलेला माल अजून बाजूला काढून तपासता येईल, गेलेल्या कंटेनरचे तसे नाही. तेव्हा तिला एका दिवसाहून जास्त मुदत देऊ नकोस. ती नाही म्हणाली तर तू सांगणार आहेस, हे तिथेच तिला सांग, कारण पाठीमागून केलेले तिला अधिक लागेल. तिच्या आकड्यांखाली आजच्यापुरतीसुद्धा सही करू नकोस.

ती रागावेल, कदाचित बोलणे टाकील, आणि त्याचे मलाही वाईट वाटेल. तिने परक्या गावात तुला आसरा दिला, ते उपकार आपल्या सगळ्या घरावर आहेत. तिची नोकरी गेलीच, तर तिला घेऊन इकडे ये. दुसरे काम मिळेपर्यंत तिने आपल्याकडे राहावे, असे तुझ्या आईचेही म्हणणे आहे. माडीवरची खोली तिने आजच झाडून घेतली.

तुझा,
बाबा