तबक कोणाच्या हातात होतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात आमच्याकडच्या शाळेच्या रौप्यमहोत्सवी कृतज्ञता सोहळ्याची बातमी आली आहे, सोबत तीन कॉलमी रंगीत फोटो. बातमी छापल्याबद्दल आभार. सध्या कृतज्ञतेचा मोसम आहे, तेव्हा आभार आधीच मानून घेते. आता फोटोबद्दल.

फोटोखाली 'डावीकडून' म्हणून पाच नावं दिली आहेत. पाच मान्यवर, पाच फेटे, पाच शाली. पण उजव्या कडेला एक हातही आहे, कोपरापासून पुढचा. हातात तबक, तबकात सहावी शाल आणि नारळ. या हाताला नाव नाही. तुमच्या माणसाने फोटो कापताना तबक राखलं आणि तबक धरणारी बाई कापली. नीट बघितलंत तर अंगठ्याच्या बुडाशी एक काळपट डाग दिसेल. तो तुमच्या शाईचा नाही, भाजल्याचा आहे. कसा भाजला ते मला ठाऊक आहे, कारण इस्त्री माझ्या घरची होती.

३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या किनाऱ्याचं काय झालं ते तुमच्या वाचकांना मी काय सांगणार! आमच्या वाडीतल्या पोफळी दुपारपर्यंत एकावर एक आडव्या पडल्या होत्या. शाळेचे पत्रे आमच्या विहिरीपर्यंत आले. शाळा लॉकडाऊनमुळे बंदच होती, मुख्याध्यापक गावी अडकलेले, संस्थेचे पदाधिकारी मुंबईत, आणि फोनला रेंज नाही. चौथ्या दिवशी शाळेच्या मावशी आमच्या खळ्यात आल्या, डोक्यावर खताच्या गोणीत बांधलेलं ओझं. मला वाटलं, भिजलेलं धान्य असेल. गोणी सोडली तर आत शाळेची जनरल रजिस्टरं, मुलांच्या नोंदींची. ऑफिसवरचं छप्पर गेलेलं, कपाटात पाणी. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगायला होतं कोण?

"वैनी, तुमच्याकडची ती कोळशाची इस्त्री देता काय?"

वीज पुढे कित्येक दिवस नव्हती. पाऊस तोंडावर आलेला, ऊन दिसेल तेवढा वेळ पानं खळ्यात, ढग आले की पडवीत. पान हलक्या हाताने सोडवायचं, खाली-वर रद्दी घालायची आणि इस्त्री फिरवायची. जोरात दाबली तर शाई फुटते, कमी दाबली तर पान चिकटतं. पहिल्याच दिवशी इस्त्रीचं झाकण उघडलं आणि निखारा त्यांच्या अंगठ्यावर पडला. चुना लावला आणि पुढचं पान घेतलं. असे सहा दिवस. मी फक्त निखारे पुरवले आणि चहा केला, उगीच मोठेपणा घेत नाही.

आणि हो, रद्दी तुमच्याच पेपराची होती. माझ्या मुलाची नोंद आहे त्या पानावर आजही तुमच्या सोन्याच्या भावाची अर्धी ओळ उलट्या अक्षरांत उमटलेली आहे. म्हणजे त्या हाताशी तुमचाही थोडा संबंध आहे.

मुलगा त्याच वर्षीचा दहावीचा, भूगोलाचा पेपर रद्द झाला ती बॅच. २९ जुलैला निकाल लागला आणि डिप्लोमाच्या प्रवेशासाठी दाखला हवा झाला. आमच्याच नव्हे, सगळ्या मुलांचे दाखले त्याच रजिस्टरांवरून निघाले. जन्मतारीख, आईचं नाव, जात, सगळं जागच्या जागी. दाखल्यावर सही-शिक्का करताना ऑफिसमधून ऐकायला मिळालं, "पान जरा पिवळं पडलंय." तेवढीच दखल. त्या वर्षी मावशींचा पगार निम्मा झाला होता, तो पुढे किती महिन्यांनी पूर्ववत झाला ते त्यांनाच विचारा.

सोहळ्याला मी होते. माजी पालक म्हणून निमंत्रण होतं, सोबत 'ऐच्छिक' कृतज्ञता निधीचं पाकीट. पाकिटावर आकडा मात्र छापलेला होता. अध्यक्षांचं भाषण तुम्ही अर्धं पान छापलंत, पण एक वाक्य गाळलंत. ते म्हणाले, शाळेने ज्यांच्या मुलांना मोफत प्रवेश दिला त्या पालकांनी तरी संस्थेचे ऋण मानावेत. माझ्या पुढच्याच रांगेत असं एक जोडपं बसलं होतं. बाईंनी पदर पुढे ओढून घेतला आणि खाली बघत राहिल्या. अहो, खासगी शाळांनी पहिल्या वर्गाच्या २५ टक्के जागा गरीब-वंचित घरांतल्या मुलांना द्यायच्या हा संसदेने २००९ साली केलेला कायदा आहे, त्या मुलांचे पैसे सरकार शाळेला देतं. उशिरा देतं ही तक्रार रास्त आहे, पण ती मंत्रालयात करावी. पोराला वर्गात बसवल्याचे उपकार त्याच्या आईला चारचौघांत ऐकवायचे, हा कुठला सोहळा?

असो. तबकातल्या त्या सहाव्या शालीचं सांगायचं राहिलं. मला क्षणभर वाटलं होतं, ती मावशींसाठीच असेल, त्यांच्याच हातात देऊन गंमत करताहेत. तसं काही नव्हतं. एक पाहुणे आले नाहीत, त्यांची ती शाल. कार्यक्रम संपल्यावर गाडी पाठवून घरपोच केली. तोवर मावशी खुर्च्या एकात एक घालून ठेवत होत्या.

काल पेपर आल्यावर मी त्यांना फोन केला. म्हटलं, फोटो बघितलात काय? म्हणाल्या, "बघितला. हात बरा आलाय."

मी हसले नाही. तुमच्या पेपरात 'दुरुस्ती' म्हणून एक चौकट येते, एखाद्या नगरसेवकाची इनिशिअल चुकली तरी येते. त्या चौकटीत या हाताचं नाव यावं, असं मी लिहिणार होते. पण मावशी अजून कंत्राटावर आहेत, जूनमध्ये ऑर्डर मिळायची आहे, तेव्हा त्यांचं नाव छापू नका आणि माझंही छापू नका. मग दुरुस्तीत तुम्ही काय छापणार, ते मलाही हे लिहिताना सुचत नाहीये. निदान पुढच्या वेळी फोटो कापताना थोडा उजवीकडे कापा.

आपली,
एक माजी पालक, ता. दापोली

ता. क. भरती-ओहोटीच्या वेळा छापणं तुम्ही का बंद केलंत? पौर्णिमा-अमावास्येला उधाण आणि अष्टमीला भांग, म्हणजे छोटी भरती, एवढं आम्हालाही कळतं, पण घड्याळाची वेळ पेपरातूनच कळायची. आमचे हे परवा कालवं काढायला दीड तास आधी जाऊन खडपावर बसून आले. त्या जागी आता राशिभविष्य दोनदा येतं.