धुळीतली पोकळी: दोष कणांच्या ढकलाढकलीचा नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

धूळयुक्त प्लाझ्माच्या, म्हणजे सूक्ष्म कण तरंगणाऱ्या, इलेक्ट्रॉन आणि धनभारित आयनांत विभागलेल्या वायूच्या छायाचित्रांत मधोमध काळी पोकळी दिसते. ‘ऋणभारित कण एकमेकांना ढकलतात म्हणून ती पडते’ हा खुलासा वारंवार छापला जातो. तो चुकीचा आहे.

इलेक्ट्रॉन आयनांहून कितीतरी वेगवान, त्यामुळे काही मायक्रॉनच्या कणावर हजारो इलेक्ट्रॉनांएवढा ऋणभार साठतो. कण एकमेकांना ढकलतात हे खरेच. पण प्लाझ्मा हा भार झाकतो आणि ढकलणे मिलिमीटरभरातच विरते. सेंटिमीटरभर रुंद, काठ सुरीने कापल्यासारखा असलेली पोकळी त्यातून उघडेल कशी? शिवाय प्लाझ्माचा मध्यभाग पात्राच्या भिंतींच्या मानाने धन असतो. विद्युतक्षेत्र या कणांना आतच ओढते.

त्यांना बाहेर रेटतात ते भिंतीकडे धावणारे आयन. विद्युतबल कणाच्या त्रिज्येच्या प्रमाणात वाढते, आयनांचा रेटा साधारण तिच्या वर्गाच्या. आयोवा विद्यापीठातल्या १९९०च्या दशकातील प्रयोगांत ग्रॅफाइटपासून प्लाझ्मातच कण वाढवले, तेव्हा ते पुरेसे मोठे झाल्यावरच पोकळी उघडली. एकदा मधले कण हटले की तिथे इलेक्ट्रॉन गिळणारे कुणी उरत नाही, आयनीकरण वाढते आणि रेटा आणखी बळावतो. दोन्ही बले जिथे तुल्यबळ होतात, तिथे काठ. प्लाझ्मा पेटता ठेवणाऱ्या रेडिओ लहरींची शक्ती पुरेशी उतरवली तर पोकळी मिटते. मिटण्याच्या उंबरठ्यावर मात्र ती कधी कधी हृदयासारखी आकसू-फुगू लागते.

१९९४ साली जाहीर झालेल्या प्लाझ्मा स्फटिकांतही, म्हणजे धूलिकणांच्या नियमित मांडणीतही, आयनांचा हात दिसतो. जमिनीवर मायक्रॉनचे कण खालच्या इलेक्ट्रोडच्या वर, वजन पेलणाऱ्या विद्युतक्षेत्रात तरंगतात आणि पुष्कळदा थेट एकाखाली एक रांग धरतात. नुसत्या प्रतिकर्षणाने हे होणार नाही. खाली वाहणारे आयन वरच्या कणामागे एकवटतात, आणि तो धनभाराचा पट्टा खालच्या कणाला ओढून धरतो. वायूचा दाब फार उतरवला की घर्षण घटते, याच ओढीमुळे कण थरथरू लागतात आणि स्फटिक वितळतो.

मायक्रॉनच्या कणांतली मोठी पोकळी पाहायला गुरुत्व बाजूला सारावे लागते. म्हणून २००१पासून हे प्रयोग आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर चालले. तेव्हा अशा चित्राखाली वायू, दाब, कणांचा व्यास आणि प्रयोग जमिनीवरचा की अवकाशातला, एवढे तरी आवर्जून छापावे, ही विनंती.

आपला,
प्लाझ्मा भौतिकीचा एक अभ्यासक