तो लेगबाय

ट्रॉय, मिशिगन

प्रिय नान्या,

सहा महिन्यांत पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक. बीपी गोळीचं ऐकतं, गुडघा कुणाचंच ऐकत नाही.

लिहायला बसलो कारण शनिवारी मी खोटं लिहिलं. चिरंजीवांच्या बेसबॉल टीमची स्कोअरची वही माझ्याकडे असते (बाकीच्या बापांनी शिताफीने अंग काढून घेतलं). पाचव्या इनिंगपर्यंत आमच्या पिचरने (म्हणजे आपला बॉलर) एकही हिट दिली नव्हती. मग एक सरपटी बॉल शॉर्टस्टॉप नावाच्या फील्डरकडे गेला आणि त्याच्या दोन पायांमधून निघून गेला. शॉर्टस्टॉप म्हणजे आमचेच चिरंजीव. अशा वेळी हिट (बॅट्समनचं कर्तृत्व) की एरर (फील्डरची चूक), ते स्कोअररने ठरवायचं. एरर लिहिली तर पिचरचा नो-हिटर (एकही हिट न देता संपवलेली मॅच) शाबूत, पण माझ्या पोराच्या नावावर ‘ई-६’, म्हणजे शॉर्टस्टॉपची एरर. पोरगं माझ्याकडेच बघत होतं. मी हिट लिहिली.

नंतर पिचरचा बाप माझा हात हातात घेऊन म्हणाला, ‘एकच हिट, काय खेळला ना!’ मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रात्री झोप येईना, म्हणून तो २ जून २०१०चा बॉक्स स्कोअर (मॅचचा आकड्यांतला गोषवारा) काढला. तोच, ज्यापायी मी तुझा तासभर खाल्ला होता आणि तू म्हणालास, ‘मला ऑफिस आहे रे.’ आमच्या डेट्रॉइट टायगर्सचा पिचर आर्मांडो गलारागा, त्याने क्लीव्हलँडचे २६ जण ओळीने बाद केले होते. २७वा, म्हणजे शेवटचा, जेसन डोनाल्ड. फील्डर कब्रेराने बॉल उचलून दिला, गलारागाचा पाय बेसवर, डोनाल्ड अजून मागे, आणि अंपायर जिम जॉइसने हात पसरले: सेफ, म्हणजे नाबाद! रिप्ले बघितल्यावर जॉइसने चूक कबूल केली. दुसऱ्या दिवशी गलारागाने टीमची यादी त्याच्याच हातात दिली, तेव्हा जॉइस डोळे पुसत होता. पण लीगच्या कमिशनरने निकाल फिरवला नाही. कागदावर आजही तेच: ९ इनिंग, ० रन, १ हिट, ० वॉक, ८८ बॉल. ती एक हिट कुणी पुसली नाही. बरं, जॉइस निदान चुकला होता. मी कुठे चुकलो?

गंमत म्हणजे हा बॉक्स स्कोअर रुळवणारा हेन्री चॅडविक आधी क्रिकेटचा बातमीदार. म्हणजे पाप आपल्याच घराण्यातलं.

आता तो लेगबाय. मी ४९ वर, स्कोअरची वही तुझ्याकडे. अंपायर सर खूण करायची विसरले, आणि तू, माझ्याच डब्यातली पोळी खाऊन, लेगबाय लिहिलास. दोन वर्षं बोललो नाही तुझ्याशी. तुझ्या साखरपुड्यालासुद्धा ‘बॅटला लागला होता’ म्हणून तुझ्या सासऱ्यांना सांगितलं. नान्या, पॅडलाच लागला होता. मला तेव्हाच कळलं होतं.

वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? धाकटीला नोकरी लागली, ते फेसबुकवर कळलं, पेढे बाकी. वाड्याच्या वाटणीत पडू नकोस, तुझा बीपी माझ्यापेक्षा वाईट.

वही अजून माझ्याकडेच आहे. पेन्सिलनेच लिहिलंय. शनिवारच्या आत कळव. फोन नको, गाडीत पोरगं शेजारी असतं.

तुझा,
४९ नाबाद