सुध्याला पत्र : अण्णांचा आयएनआर

प्रिय सुध्या,

आम्ही सगळे ठीक, माझी पाठ बरी आहे, ते सोड. अण्णांनी रक्त पातळ करायची गोळी बंद केली होती रे. कुणाला न विचारता, स्वतःच. तुलाच लिहितोय कारण काकूंच्या वेळी तुझी काय धावपळ व्हायची ती मी बघितलीय, बाकी कुणालाही सांगितलं की म्हणतात, रिपोर्ट नॉर्मल आलाय ना, मग चांगलंच की!

तिथेच तर घोळ झालाय. आधीच्या रिपोर्टमध्ये रक्त गोठायला लागणारा वेळ, कंट्रोल म्हणजे निरोगी माणसाचा १२ सेकंद, पेशंटचा ३६ सेकंद, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला नेहमीच्या साधारण किती पट वेळ लागतो तो आकडा, ३.०, बाजूला ठळक 'हाय' आणि शेवटच्या रकान्यात नॉर्मल रेंज ०.८ ते १.२. त्यात त्याच आठवड्यात ब्रश करताना हिरडीतून थोडं रक्त आलेलं. झालं, अण्णा घाबरले. पण ती रेंज रक्त पातळ करायची गोळी न घेणाऱ्या माणसाची असते ना! अण्णांचा मायट्रल व्हॉल्व्ह, म्हणजे हृदयातली एक झडप, मेकॅनिकल, कृत्रिम, त्यांना डॉक्टरांनी २.५ ते ३.५ मध्ये राहायला सांगितलंय, म्हणजे ३.० अगदी मधोमध. लॅबच्या कॉम्प्युटरला काय माहीत छातीत व्हॉल्व्ह बसवलाय, त्याने छापलं 'हाय'.

पुढचा रिपोर्ट १.१. 'हाय' गायब. अण्णा इतके खूश, सगळ्यांना फोन करून सांगतायत नॉर्मल आला म्हणून, आणि इकडे माझे हातपाय गार. चष्म्याच्या जुन्या डबीत गोळ्या सापडल्या, पाकिटातून एकेक काढून नीट ठेवलेल्या, म्हणजे पाकीट रोज रिकामं होताना आईला दिसावं. डोकं बघ म्हाताऱ्याचं! कॅरमच्या त्या भांडणातही राणी अशीच लपवली होती त्यांनी, आणि तू तेव्हाही त्यांचीच बाजू घेतलीस, ते मी विसरलेलो नाही.

डॉक्टरांनी लगेच गोळी सुरू केली आणि सोबत पोटात हेपारिनची, रक्त गोठू न देणारी, इंजेक्शनं. मी विचारलं गोळी चालू झाली ना, मग इंजेक्शन कशाला? तर ही गोळी आधी तयार असलेल्या फॅक्टरना, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना, हात लावत नाही, लिव्हर व्हिटॅमिन के वापरून २, ७, ९ आणि १० नंबरचे फॅक्टर बनवतं ते नवीन बनणं अडवते. सातवा काही तासांत कमी होतो म्हणून आयएनआर आधी वर चढलेला दिसतो, पण दुसरा उतरायला काही दिवस जातात, तोवर व्हॉल्व्हवर गुठळी धरू शकते आणि ती सुटून मेंदूत गेली तर... पुढचं लिहवत नाही.

अण्णांची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. आयएनआर ५ च्या वर गेला की रक्तस्रावाचा धोका खरंच वाढतो, शी काळी झाली, लघवीत रक्त दिसलं, डोक्याला मार बसला तर एक मिनिट थांबायचं नाही. पण मग डॉक्टरांना फोन करायचा, डबीत गोळ्या नाही साठवायच्या!

आता काम सांगतो. अण्णा माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतात. फोन कर. सांग की 'हाय-लो' बघूच नका, वहीत तारीख, आयएनआर आणि गोळीचा डोस लिहा आणि आकडा २.५ ते ३.५ मध्ये आहे का तेवढं बघा. पालेभाजी अजिबात सोडली आहे त्यांनी, तेही नको म्हणावं, नेहमी साधारण तेवढीच खायची, एकदम वाढवली किंवा बंद केली की आकडा हलतो. गुडघ्यासाठी पेनकिलर मनाने घ्यायची नाही, कुणी अँटिबायोटिक दिलं तर आधी या गोळीचं नाव सांगायचं. आणि हो, लॅबमधल्या मुलीला "बाई, थोडंच रक्त घे" म्हणतात ते बंद करायला सांग. निळ्या टोपणाची ट्यूब खुणेपर्यंत भरायलाच लागते, आत सायट्रेट, रक्त गोठू न देणारं औषध, असतं, नऊ भाग रक्ताला एक भाग, रक्त कमी पडलं तर सेकंद उगाच वाढलेले येतात आणि अण्णा परत घाबरतील.

तुझी बदली झाली म्हणे? पोरीचं ॲडमिशन झालं का? वहिनींना नमस्कार सांग, सविस्तर बोलूच. पण आधी अण्णांना फोन, शक्यतो रात्री जेवणाआधी, गोळी तेव्हाच असते त्यांची. मी फोन करायला सांगितला हे कळू देऊ नकोस.

तुझा,
बाळ्या